गिरणीवरच्या देवरे मॅडम

प्रिय इरा आणि ओजस,

गेल्या रविवारी तुमच्या आईने फोनवर सांगितलं की इराची तपासणी पूर्ण झाली आणि तिला एडीएचडी आहे असं तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं. इरा, तू मागून ओरडलीस, "आजी, मला पण आईवालंच आहे!" आईचा जुना फ्रॉक आपल्या मापात बसल्यावर यावा तसा तुझा आवाज होता. मला बरं वाटलं. मग तुमची आई म्हणाली, "आई, तू ह्यांना देवरे मॅडमबद्दल लिहून पाठव ना. मी सांगायला बसते आणि निम्म्यात भलतीकडेच जाते."

म्हणून हे लिहिते आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, आणि पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी इंग्रजी कार्डं लिहिण्यात गेली. तेव्हा तुमच्या सोयीसाठी इंग्रजीत लिहायला घेतलं. दोन पानं लिहिली आणि फाडली. देवरे मॅडम त्यात कुठे सापडेनात. आता हे आईकडून वाचून घ्या. वाचता वाचता ती मध्येच उठेल, गॅस बंद केला का ते बघायला जाईल. जाऊ द्या. येते परत.

निर्मला देवरे मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांचं क्लिनिक म्हणजे नाशिकला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या. जिन्याच्या पायऱ्यांवर पिठाचा बारीक थर असायचा. कठडा धरला की तळहात पांढरा. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलावरची पेन्सिल आपोआप कडेकडे सरकायला लागायची, आणि मॅडम बोलणं न थांबवता हात पुढे करून ती झेलायच्या. पहिल्याच दिवशी मी, ग्रंथालयातली बाई, न राहवून म्हणाले, "इतक्या आवाजात मुलांचं लक्ष कसं तपासता तुम्ही?"

"शांत खोलीत तपासून काय करू? शाळा काय देवघरात भरते?" त्या म्हणाल्या. मग जरा नरमून, "निम्मी तपासणी गिरणी चालू असताना करते, निम्मी गिरणीवाला जेवायला गेला की. दोन्हीतला फरक मला लागतो."

मॅडम बुटक्या होत्या, अंगाने रुंद. सुती पातळ, पदराला पिन, आणि गळ्यात काळ्या दोरीत अडकवलेलं स्टॉपवॉच, खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतं तसं. फिरायच्या लुनावर. लुनाच्या मागे प्लायवूडची पेटी बांधलेली असे, तिच्यात तपासणीचे लाकडी ठोकळे. लुना खड्ड्यातून गेली की ते खडखडायचे. गल्लीतली मुलं त्यांना ‘खडखडबाई’ म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं.

खेड्यातून येणारी माणसं त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. त्या प्रत्येक वेळी दुरुस्त करत, "मी डॉक्टर नाही. सुई टोचणार नाही, गोळी लिहून देणार नाही. मी बघते, मोजते आणि सांगते." दारापाशी चपलांची रांग असे. नव्या आईबापांना त्या तिथेच थांबवत. "‘आळशी’ हा शब्द चपलांबरोबर बाहेर काढून यायचा. जाताना पाहिजे तर घालून जा." काही जण हसत, काही जण खरोखर खाली बघत.

त्या मूळच्या सटाण्याकडच्या. आमच्याशी पुणेरी वाटावी अशी मराठी बोलत, पण कळवणहून, बागलाणातून कुणी आलं की त्यांची जीभ मोकळी होई. एकदा एक म्हातारी नातीला घेऊन आली होती. नात बाकावर पालथी पडून पंख्याची पाती मोजत होती. म्हातारी हात जोडून म्हणाली, "बाई, हाई पोर येडी शे का वं?" मॅडम तिच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "येडी नई शे, माय. तिनं डोकं पुढं पयस." पोरीचं डोकं पुढे पळतं, एवढाच अर्थ. म्हातारीला तो लगेच पटला. मला पटायला तीन गुरुवार लागले.

आता आम्ही तिथे कसे पोचलो ते.

तुमची आई, म्हणजे मुक्ता, तेव्हा दहा वर्षांची होती, पाचवीत. नव्वदीच्या दशकाचा मध्य. शाळा चांगली होती, नाव घेत नाही. मुक्ताच्या वह्या अर्धवट, पाण्याची बाटली महिन्याला नवी, आणि आठवड्यातून तीन दिवस ती वर्गाबाहेर उभी. घरी मी तिला गॅलरीतून वाळलेले कपडे आणायला सांगायची. अर्ध्या तासाने ती शेजाऱ्यांच्या जिन्यात मांजरीशी बोलताना सापडायची, हातात एक चिमटा. बुद्धी कमी असती तर मी समजले असते. ती कमी नव्हती, म्हणूनच राग यायचा. मी ओरडायची. हातही उचलायची. हे तुम्हाला कळलेलं बरं.

डिसेंबरात शाळेचं पत्र आलं: मुक्ताला पाचवीतच बसवावं लागेल, नाहीतर दुसरीकडे घाला. तुमचे आजोबा सातपूरच्या कारखान्यात इंजिनिअर होते. यंत्र बिघडलं की ते उघडायचं, आणि माणूस बिघडला की शिस्तीत घालायचं, अशी त्यांची समजूत. त्यांनी एका बोर्डिंग स्कूलचा फॉर्म मागवला. डोंगरावर, नाशिकपासून लांब. "दोन वर्षांत सरळ होईल," म्हणाले. फॉर्म मी भरला. खरं सांगते, नाइलाजाने भरला नाही. भरताना मला हायसं वाटत होतं. घर आवरलेलं राहील, असा विचारसुद्धा मनात येऊन गेला. सही केली. फक्त पाठवायचा राहिला होता.

आमच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी मध्येच म्हटलं, "पाठवण्याआधी देवरे मॅडमना एकदा दाखवा." गुरुवारी माझी अर्धी सुट्टी असे. चार गुरुवार ठरले.

पहिल्या गुरुवारी मॅडमनी मला एक लांबलचक प्रश्नावली दिली. मी ती भरून वर दोन पानं पुरवणी जोडली, विषयवार. त्यांनी पुरवणी चाळली, म्हणाल्या, "बर्वेबाई, तुमच्या घरात धूळ असते का हो कधी?" आणि निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी मुक्ताच्या सगळ्या वह्या आणा. जशा आहेत तशा." मॅडम कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसत. ही पण एकदाच सांगितली.

दुसऱ्या गुरुवारी मी बाहेर बाकावर बसले होते, तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात काम करणारा एक माणूस मुलीला घेऊन निघायच्या तयारीत होता. मुलगी सात-आठ वर्षांची.

"चप्पल घाल. अगं चप्पल घाल! ऐकू येत नाही का, चप्पल!"

टक् असा आवाज झाला. दारात मॅडम, हातात स्टॉपवॉच.

"दोन सेकंद."

"काय मॅडम?"

"पहिल्यांदा सांगितलंत आणि दुसऱ्यांदा सांगितलंत, मधे दोन सेकंद. तिसऱ्यांदा तर त्याहून कमी. पोरीनं ऐकायचं कधी?"

तो हसला. "आमच्या प्रेसवर दोन सेकंदात एक पीस निघतो, मॅडम."

"ही प्रेस नाही. आता एकदाच सांगा आणि गप्प बसा."

त्याने एकदा सांगितलं. आम्ही सगळे बघत राहिलो. मुलीने पंख्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. गोणीतून डोकावणाऱ्या कांद्याकडे पाहिलं; ती गोणी कुणीतरी कळवणहून मॅडमसाठी आणून ठेवली होती. मग चपलेकडे पाहिलं आणि पाय आत घातला.

"एकोणीस," मॅडम म्हणाल्या. "लिहून ठेवा. तुमच्या मुलीला एकोणीस लागतात. चौदा वर पोचल्यावर तुम्ही ओरडलात तर मीटर परत शून्यावर."

तो माणूस खाली बसला. जरा वेळाने म्हणाला, "मॅडम, मला किती लागत असतील?"

"तुमची आई काय म्हणायची?"

"म्हणायची, पायाला भिंगरी हाय. सहा कंपन्या झाल्या माझ्या."

"पुढच्या गुरुवारी एकटे या," मॅडम म्हणाल्या. मोठ्या माणसाचीही तपासणी होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन मी स्वतःवर घड्याळ लावलं. मी मुक्ताला दोन सेकंदही देत नव्हते.

पण वह्या मी त्याच्याआधीच तयार केल्या होत्या. मधले दोन दिवस मी त्यांच्यावरच बसले होते. फाटलेली पानं चिकटवली, समासातली मांजरं खोडरबराने पुसली, प्रत्येक वहीला खाकी कव्हर, त्यावर छापल्यासारखं लेबल. इतिहासाच्या वहीत सहा पानं कोरी होती. मुक्ताच्या तिरप्या अक्षराची नक्कल करून पेन्सिलीने मी सहाही पानं भरून काढली. त्यात लबाडी आहे असं मला जराही वाटलं नाही. डॉक्टरकडे जाताना आपण मुलाचं तोंड पुसतो, तसं वाटलं. मुक्ता शेजारी खुर्चीवर उलटी बसून बघत होती. मी तिला काही सांगितलं नाही, तिने काही विचारलं नाही. त्याच वह्या मी दुसऱ्या गुरुवारी मॅडमच्या टेबलावर एकावर एक, उंचीप्रमाणे लावून ठेवल्या.

तपासणीत काय काय होतं ते तुमच्या आईने मला नंतर सांगितलं. ठोकळ्यांची नक्षी, उलटे आकडे, आणि एक पानभर अक्षरं ज्यातले सगळे ‘म’ खोडायचे. मॅडमनी तो कागद स्वतः मराठीत तयार केला होता. मुक्ताने तीन ओळींतले ‘म’ बिनचूक खोडले, चौथीपासून प्रत्येक ‘म’ला मिशा काढल्या.

तिसऱ्या गुरुवारी मॅडमनी मुक्ताला खाली गिरणीचा पट्टा बघायला पाठवलं आणि मला आत बोलावलं. टेबलावर इतिहासाची वही उघडी होती.

"बर्वेबाई, मुक्ता डावखुरी आहे."

"हो."

"डावखुरं मूल लिहितं तेव्हा हात लिहिलेल्यावरून जातो. हे बघा." भूगोलाच्या पानावर करडा फराटा होता. मी तो पुसायचा प्रयत्न केला होता, गेला नव्हता. "आणि हे." इतिहासाची सहा पानं. स्वच्छ.

मी वहीची कड टेबलाच्या कडेला जुळवली. खाली गिरणी चालू होती.

"मी मुक्ताला विचारलं, ही पानं कुणी लिहिली? म्हणाली, मी. म्हटलं, मग हात कसा नाही लागला? तिनं विचार केला. म्हणाली, त्या दिवशी मी हात उचलून लिहिलं. म्हटलं, लिहून दाखव." मॅडमनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून माझ्यासमोर ठेवलं. काटा अजून तिथेच होता. "तेवीस मिनिटं. कोपर वर धरून, हात अधांतरी ठेवून. खाली गिरणी चालू. एकदाही उठली नाही, पंख्याकडे बघितलं नाही. चार मिनिटांपुढे ही बसत नाही असं मी दोन गुरुवार लिहितेय. आईची लबाडी झाकायला तेवीस मिनिटं बसली."

त्यांनी दुसरा कागद पुढे केला. मुक्ताचं अक्षर, आणि खरंच, फराटा नव्हता. शेवटच्या ओळी मात्र थरथरलेल्या होत्या.

"म्हणजे तिला एडीएचडी नाही?" मी विचारलं.

"आहे. त्यात मला शंका नाही. चौथ्या गुरुवारी कागदावर देते. लक्ष भरपूर आहे हो तिच्याकडे, पण लगाम तिच्या हातात नाही. जीव अडकला की आपोआप लागतं. इतिहासाच्या वहीत तिचा जीव अडकत नाही, तुमच्यात अडकतो." मग पेन्सिल झेलत म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला सांगितलं होतं, जशा आहेत तशा आणा. एकदाच सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू आलं, पोचलं नाही. होतं असं. मुद्दाम नाही केलंत तुम्ही."

मी पर्समधून रुमाल काढला आणि घडी न मोडताच डोळ्यांना लावला. मग, का कोण जाणे, बोर्डिंगचा फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला. मी तो बरोबर घेऊन फिरत होते.

त्यांनी तो सावकाश वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "अक्षर फार सुंदर आहे तुमचं," म्हणाल्या. मग एका जागी बोट ठेवलं. "हा रकाना रिकामा आहे."

पाल्याचे विशेष गुण, असा तो रकाना होता. मी नोकरीत एकही कार्ड अर्धवट ठेवलेलं नाही.

"सुचलं नाही," मी म्हणाले.

"मग आज भरा. भरलात की खुशाल पाठवा. मी अडवणार नाही."

तो मी घरी जाऊन भरला आणि चहाच्या वेळी आजोबांच्या पुढ्यात ठेवला, बाकी सगळं सांगून. त्यांनी रकाना वाचला. बशीतला चहा परत कपात ओतला. मग म्हणाले, "राहू दे सध्या. ह्या वर्षी इथेच बघू." पण इथे म्हणजे कुठे? शाळेचं पत्र तर तसंच होतं.

मॅडमना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सोमवारी शाळेत येते." आल्या लुनावर, खडखडत. शेवटच्या बाकावर, पोरांच्या बाकावर, कशाबशा बसल्या आणि तीन तास नुसत्या रेघा मारत राहिल्या. मग मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही चौघी: त्या, मी, मुख्याध्यापिका आणि वर्गशिक्षिका.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "अहो, चाळीस मुलं आहेत. एकीसाठी वेगळा नियम केला तर उद्या सगळ्यांच्या आया येतील."

"येऊ द्यात, त्यांनाही भेटते," मॅडम म्हणाल्या. "मी मोजलं. मुक्ता चौदा वेळा उठली, त्यात वर्गाची तीन मिनिटं गेली. तिला बसवण्यात तुमची सतरा गेली. म्हणून म्हणते, तिला तुम्हीच उठवा. फळा पुसायला, हजेरीचं रजिस्टर ऑफिसात न्यायला, खडू आणायला. उठायचंच आहे तर कामाला उठू दे."

"आणि परीक्षा?" मुख्याध्यापिका.

"पेपर दोन तुकड्यांत द्या. मधे मैदानाला एक फेरी."

"फेरीत पुस्तक बघितलं तर?"

"शिपाईमामांना बरोबर धावू द्या. त्यांनाही व्यायाम."

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत, पण एप्रिलपर्यंत करून बघू म्हणाल्या. मार्चअखेर शिपाईमामांनी मला फाटकाशी अडवलं. "बाई, तुमच्या पोरीनं लय पळवलं मला. पास तरी होणार ना ती?" झाली. शेवटून चौथी. त्या निकालाचे पेढे मी गिरणीवाल्यालासुद्धा दिले.

मॅडम एकदा आमच्या घरी आल्या, ते सांगायला हवं. माझं स्वयंपाकघर त्यांनी हात मागे बांधून पाहिलं, डब्यांवरची लेबलं वाचली. मग मुक्ताच्या खोलीत गेल्या. तिथे सागवानी कपाट होतं, आजोबांनी खास करून घेतलेलं, दोन दारांचं. आत मी सगळं रचून ठेवलेलं.

"हे कुणासाठी लावलंय?" मॅडम.

"मुक्ताच्याच वस्तू आहेत."

"दार लावलं की तिच्यासाठी ह्यातलं काही नसतं. तिला दिसतं तेवढंच आहे. दारं काढा."

"काढा म्हणजे? उघडी ठेवू?"

"उघडी ठेवाल दोन दिवस, मग तुमचा हात जाईल. काढा."

आजोबा आधी चिडले. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. बिजागऱ्या काढताना मॅडमनी खालून दार धरलं होतं. मला त्या खोलीत शिरवेना. आतला पसारा बाहेरून दिसायचा, पाहुण्यांनासुद्धा. पण महिन्याभरात मुक्ताला कंपासपेटी रोज सापडायला लागली.

औषधासाठी मॅडमनी आम्हाला मुंबईच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. आजोबा घाबरले होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "गोळी मुलीला खुर्चीत बसवेल. बसून काय करायचं ते आपल्यालाच शिकवावं लागेल. गोळीवर सगळं टाकू नका, आणि गोळीला भिऊही नका." औषध नाशिकला आम्हाला मिळालं नाही, आजोबा मुंबईहून आणत. मुक्ताची भूक कमी झाली, ती वाळली, डोस बदलावा लागला. पण पहिल्याच आठवड्यात ती शाळेतून आली आणि दप्तर न टाकता दारातच उभी राहून म्हणाली, "आई, आज बाई बोलत होत्या ते सगळं सलग ऐकू आलं." पाच वर्षं शाळेत जाऊन ते वाक्य. मी तिचं दप्तर उतरवून घेतलं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. सातवीत ती पुन्हा घसरली. नववीत तिने गोळी आम्हाला न सांगता बंद केली. मी कितीदा तरी ओरडले. मॅडमकडे जाऊन तसं सांगितलं की त्या विचारत, "किती सेकंदांनी ओरडलात?" मी आकडा सांगायची. "बरं आहे," म्हणायच्या, "पूर्वीपेक्षा बरं आहे."

त्यांचंही सगळं बरोबरच असायचं असं नाही. तिखट बोलायच्या; दोन-तीन आईबाप त्यांच्यावर रागावून परत आलेच नाहीत, आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं. चहा अगदी फुळकवणी करायच्या. दहावीनंतर त्या ठामपणे म्हणाल्या होत्या, "मुक्ताला सायन्सला घालू नका, दमेल." मुक्ताने हट्टाने सायन्स घेतलं, धडपडत बारावी काढली आणि फिजिओथेरपीला गेली. दिवसभर उभं राहायचं आणि लोकांना चालवायचं, असं काम तिने स्वतः शोधलं. हे सांगायला गेलो तर मॅडमनी कपाटातून तिची फाइल काढली. "मी चुकले. लिहून ठेवते," म्हणाल्या आणि खरोखर लिहिलं, खाली तारीख आणि सही.

शेवटची भेट झाली ती तुमची आई लग्नानंतर परदेशी निघाली तेव्हा. दोन हजारनंतरची काही वर्षं उलटली होती. गिरणी पाडून तिथे फ्लॅट व्हायचे होते, पट्टा काढून नेला होता. त्या जिन्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कठड्यावर पीठ मात्र होतं. वर मॅडम फायली बांधत होत्या, केस पूर्ण पांढरे, पाठीला पोक. मला बघून त्यांनी ढिगातून एक खाकी कव्हरची वही काढली.

"ही तुमच्याकडची. परत करायची राहिली."

इतिहासाची वही. मधे मुक्ताने हात उचलून लिहिलेला तो कागद.

मुक्ता बोलत सुटली होती. विमान, तिकडची थंडी, गिरणीवाला कुठे गेला, मॅडमचे ठोकळे कोण नेणार. मी म्हणाले, "मुक्ता, मॅडमच्या पाया पड." ती खिडकीपाशी गेली. खाली गल्लीत काढून टाकलेले गिरणीचे दगड पाहिले, काहीतरी बोलली, भिंतीवरच्या खिळ्याला हात लावला. मी थांबले. तोंडापर्यंत आलेलं तिथेच धरून ठेवलं. मग ती वळली, आली आणि वाकली.

टक्.

"बावीस," मॅडम म्हणाल्या. त्या मुक्ताकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. "बर्वेबाई, तुम्ही बावीस थांबलात."

आम्ही खाली उतरलो तेव्हा त्याही उतरल्या. लुना तीच होती. एकदा पॅडल मारलं, दोनदा मारलं, तिसऱ्यांदा सुरू झाली. सीटवर त्यांच्या हाताचा पिठाचा पांढरा ठसा उमटला होता. त्या त्याच्यावरच बसल्या आणि गल्लीतून गेल्या. कोपऱ्यावर वळल्यानंतरही पेटीतले ठोकळे थोडा वेळ ऐकू येत होते.

पुढे त्या सटाण्याला भावाकडे राहायला गेल्या. काही वर्षांनी तिकडेच वारल्या, हे मला उशिरा कळलं.

तुमच्या आईच्या खोलीतलं कपाट अजून आहे. त्याला दारं नाहीत. ती माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली आहेत. मधल्या फळीवर ती खाकी वही आहे आणि वहीत तो बोर्डिंगचा फॉर्म. फॉर्म इंग्रजी आहे, पण त्या एका रकान्यात मी मराठीत लिहिलं होतं: आईची चूक स्वतःवर घेते. खाली माझी सही आहे. सगळे रकाने भरलेले आहेत. फॉर्म पाठवलेला नाही.

तुमची आजी